नाव कापू नका, टॉवेल बदला

सरांचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण अर्धं लिहिलेलं त्यांना चालणार नाही, पूर्ण लिहिलं तर संपादक ते कापतील, आणि दोघांच्या मधे माझं मरण होईल. तेव्हा नुसतं 'सर'. हे त्यांच्या वाचनात आलं तर ते 'सर'वरही आक्षेप घेतील. तो हुद्दा झाला, नाव नव्हे, असं म्हणतील. घेऊ देत. इतकी वर्षं मी त्यांचं ऐकलं, आता माझी पाळी.

सोलापुरात नव्या पेठेत त्यांच्या मेहुण्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. खाली प्रिंटर, माऊस, पेन ड्राइव्ह असला माल, आणि मागच्या बाजूनं लोखंडी जिना चढून गेलं की वर एक खोली. त्या खोलीत सर एक भाषा तयार करत होते. माणसांनी बोलायची नव्हे, कॉम्प्युटरला कामं सांगायची. असल्या भाषा जगात ढिगानं पडलेल्या असताना सोलापुरात आणखी एक कशाला, असं कुणी विचारलं की पूर्वी माझ्याकडे उत्तर नसायचं.

मी तिथं गेले तीच मुळात फणफणत. इंजिनिअरिंग झालं होतं, पुण्याहून एक बोलावणंही आलं होतं, पण वडील म्हणाले, वर्षभर घरी राहून इथंच काही जमतंय का बघ. बघायला गेले तर सर फळ्यासमोर उभे, हातात कडक भाकरीचा तुकडा. या नाही, बसा नाही. फळ्यावर 'श्री' लिहिलं आणि विचारलं, "ह्येची लांबी किती?"

"एक," मी म्हणाले.

ते भाकरी चावत राहिले. मला वाटलं, चुकलं. मग कॉम्प्युटरच्या हिशेबानं म्हटलं, "चार." भाकरी चालूच. "बारा?" कुडुम कुडुम. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"सर, वाचायला हे एक अक्षर आहे. कॉम्प्युटरच्या लेखी श, हलन्त, र आणि वेलांटी अशा चार खुणा आहेत. आणि साठवायला बारा बाइट लागतात. तुम्हाला यातली कुठली लांबी पाहिजे ते आधी सांगा की! नुसतं किती किती काय विचारता?"

सरांनी भाकरी खाली ठेवली. चेहरा असा फुलला की मला वाटलं आता हे नाचतात. "ह्येच! आजपतुर जे आले त्यांनी एकच उत्तर दिलं आन् गप बसले. उलटं कुणीच इचारलं न्हाय. उद्यापासनं या."

अशी मला रागावर नोकरी लागली. रागावर नोकरी जाते एवढंच तोवर ऐकलं होतं.

आमचं काम टॉवेलांवर नावं घालण्याचं. सोलापूरला ही रीत जुनीच आहे. लग्न असो, वास्तुशांत असो, नाही तर पतसंस्थेची सभा, पाहुण्याला टॉवेल द्यायचा आणि त्यात नाव विणलेलं असायचं. छापलेलं नव्हे, वरून भरलेलंही नव्हे, धाग्यातच विणलेलं. मागाच्या डोक्यावर जेकार्ड नावाचं यंत्र असतं. कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा हे ते ठरवतं. पूर्वी त्याला भोकं पाडलेले पुठ्ठे लागायचे, आता फाइल लागते. ती फाइल सरांची भाषा बनवायची. ऑपरेटरनं नाव टाइप करायचं, टॉवेलचं माप द्यायचं, बाकीचं काम भाषेचं.

ऐकायला सोपं आहे. पण सोलापूरची नावं एका लिपीत राहतात कुठं? एकाच कारखान्यात मालक तेलुगू, हिशेबनीस मराठी, माग दुरुस्त करणारा जॉबर उर्दू वाचणारा आणि माल उचलणारा व्यापारी कन्नड. जगातल्या बऱ्याच भाषा मुळात इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बनलेल्या. त्यांना मजकूर म्हणजे ओळीनं मांडलेले डबे वाटतात, एका डब्यात एक अक्षर. पाचवा डबा काढा, शेवटचे तीन टाका, काहीही करा. आपल्या नावांत मात्र काना, मात्रा, जोडाक्षरं एकमेकांना धरून बसलेली असतात. डबा मोजून कापलं की कुणाची वेलांटी गळून पडते, तर कुणाचं जोडाक्षर अर्ध्यातच लंगडं होतं.

सरांनी डबेच काढून टाकले. त्यांच्या भाषेत दोनच प्रकार होते, पोतं आणि मजकूर. सर मंगळवेढ्याकडचे, ज्वारीच्या पोत्यांवर उड्या मारत वाढलेले. ते म्हणायचे, "पोती भायेरनं समदी सारखीच. आत ज्वारी हाय का करडई, चिठ्ठी बघिटल्याबिगर कळत न्हाय. कॉम्प्युटरमदी येतंय ते समदं पोतंच. आत कुठल्या पद्धतीनं भरलंय ते सांगा, मगच त्येचा मजकूर हुतो." छापखान्याची जुन्या फॉन्टमधली फाइल कुणी तशीच टाकली की पडद्यावर अक्षरं यायची: पोतं हाय, मजकूर न्हाय. आत काय भरलंय ते आदी सांगा.

हो, भाषेच्या सूचना अशाच सोलापुरी बोलीत होत्या. इंग्रजीत चूक दाखवली की ऑपरेटर न वाचता बटण दाबून पुढं जातो, हे सरांनी कारखान्यांत उभं राहून पाहिलं होतं. "बोलल्यासारखं लिव्हलं की माणूस थांबतो," ते म्हणायचे. नुसतं 'लांबी' असं लिहिलं तर पडदा विचारायचा: कशाची? बाइट, खुणा, अक्षरं का धागे? 'डावीकडून' हा शब्द भाषेत नव्हताच, कारण उर्दू उजवीकडून सुरू होते. तिथं फक्त 'सुरुवातीपासून' होतं. आणि अमुक इतक्या अक्षरांवर कापा, अशी आज्ञा तर औषधालाही नव्हती. नाव मोडायचंच झालं तर दोन शब्दांच्या मधे, जिथं माणसानं स्वतः जागा सोडली आहे तिथंच मोडायचं.

एकदा एका कारखान्यातून तक्रार आली. कुणा कऱ्हाडकरांचे टॉवेल विणून तयार होते, पण कॉम्प्युटर म्हणत होता असं नाव यादीत नाहीच. पडद्यावर दोन्ही नावं अगदी सारखी दिसत होती. खरी गंमत अशी की त्यातला 'ऱ' दोन तऱ्हांनी साठवता येतो, सबंध किंवा र आणि खालचा ठिपका, म्हणजे नुक्ता, असे दोन तुकडे जोडून. आमच्या भाषेला तेव्हा ती दोन वेगळी नावं वाटली होती. चूक आमची, म्हणजे सरांची. दुसरा कुणी खट्टू झाला असता. सर आनंदानं खोलीभर फिरले. "एष्टीनं आला काय आन् मोटारसायकलवर आला काय, पाव्हणा त्योच! त्येला दारात थांबवायचं न्हाय." त्या दिवशी भाषेत 'सारखं का?' हा प्रश्न नव्यानं बसवला गेला, आणि सरांनी दुकानातल्या सगळ्यांना जिलेबी खिलवली. स्वतःची चूक सापडल्याबद्दल जिलेबी वाटणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

भाषेपुरतं हे वेड असतं तरी ठीक होतं. सर माणसांनाही कापत नसत. समोरच्या चहावाल्याला सगळी पेठ बंडू म्हणायची. सर गॅलरीत उभे राहून त्याला नाव, वडलांचं नाव आणि आडनाव अशी खणखणीत हाक मारायचे. तो बिचारा कोर्टात पुकारा झाल्यासारखा गाळणं तिथंच टाकून धावत यायचा. मलाही तसंच. साधा स्टेपलर मागायचा तरी आधी माझं पूर्ण नाव. एकदा वैतागून मी म्हटलं, "सर, एवढं सगळं म्हणताच आहात, तर आईनं काय घोडं मारलंय?"

ते विचारात पडले. "बराबर हाय तुमचं." दुसऱ्या दिवसापासून माझ्या नावात आईही आली, आणि स्टेपलर मिळायला आणखी उशीर होऊ लागला.

वहिनी, म्हणजे सरांची बायको, दुपारी कधी डबा घेऊन यायच्या. शेंगांची चटणी, दही, भाकरी, आणि तोंडी लावायला नवऱ्याच्या तक्रारी. "लग्नात उखाणा घ्यायला बशिवलं की गं मला. ह्यांचं पूर्ण नाव कुटल्या उखाण्यात बसंल? निम्मंच घेटलं. तर त्याच पंगतीत रुसले! जिलेबी खाल्ली न्हाय."

"पूर्ण नाव आहे तरी काय हो?" मी विचारलं.

"त्यांनाच इचार बाई. मला पुन्यांदा त्यो ताप नको."

सर तेव्हा खाली मान घालून दह्यात भाकरी कुस्करत होते. मी विचारलं नाही. त्यांच्यावर हसायला मला इतर कारणं पुरेशी होती.

आता मेहुण्यांबद्दल. माणूस सरळ. वरच्या खोलीचं वीजबिल, माझा पगार, सरांच्या खडूफळ्याचा खर्च सगळं खालच्या दुकानावर चालायचं, आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. पण धीरालाही शेवट असतो. टॉवेलांवर नावं घालणारं एक तयार पॅकेज त्यांनी सुरतेहून पाहून आणलं होतं. ते चटकन चालायचं, आणि नाव लांब असेल तर मोजून कापायचं. कापलेल्या नावाचा एक नमुना सर हातात धरून इतका वेळ बघत राहिले की मेहुण्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

"टॉवेलानं लोकं तोंड पुसत्यात दाजी," मेहुणे म्हणाले. "वाचत कोण बसतंय?"

"ज्येचं नाव हाय त्यो वाचतो की," सर म्हणाले.

शेवटी मेहुण्यांनी सांगून टाकलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले एक मोठे कारखानदार, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्नाला येणाऱ्या प्रत्येक घराला कर्त्या माणसाचं नाव विणलेला टॉवेल द्यायचा, तोही ते घर वाचतं त्या लिपीत, अशी अण्णांची हौस. ती ऑर्डर सरांच्या भाषेत सुरळीत पार पडली तर अण्णा सगळ्या मागांना आमचीच भाषा घेणार. अडली, तर सुरतचं पॅकेज येणार आणि वरच्या खोलीत मेहुणे प्रिंटरचे खोके ठेवणार. सरांनी फळा पुसायला घेतला. भाषा सुरू केली तेव्हा त्यांचे केस काळे होते, असं वहिनी म्हणायच्या. त्या दिवशी मला हाक मारताना ते माझ्या आईचं नाव विसरले, आणि मला एकदम भरून आलं.

नावं येऊ लागली. हैदराबादकडून तेलुगूत, अक्कलकोटच्या बाजूनं कन्नडमधे, अण्णांच्या जुन्या जॉबरच्या नात्यातली उर्दूत, बाकीची मराठीत. भाषा एकेक नाव गिळत होती आणि फायली ओकत होती. आम्ही कारखान्यातच बसलो होतो, मागांच्या खडखडाटात. जॉबर चाचांनी स्वतःच्या नावाचा टॉवेल मागावरून उतरताना पाहिला, उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं आणि म्हणाले, "अरे वा, पूरा का पूरा आया!" सरांनी त्यांना मिठीच मारली. चाचांच्या सदऱ्याचं तेल सरांच्या शर्टाला लागलं, आणि तो शर्ट ते पुढं कितीतरी दिवस मिरवत होते.

आणि मग ती ऑर्डर अडलीच. अडली तीही कुणाच्या नावाला, तर अण्णांच्या व्याह्यांच्या, नवऱ्या मुलाच्या वडलांच्या. घराण्याचं नाव, गावाचं नाव, देवाचं नाव, मग त्यांचं स्वतःचं. टॉवेलच्या रुंदीत ते काही केल्या बसेना. सरांनी अक्षरं बारीक करून पाहिली, पण जाड सुतात त्याहून बारीक अक्षर वाचता येत नाही. दोन ओळी कराव्यात तर घराण्याचं नावच एक सबंध शब्द, तो एकटाच रुंदीबाहेर जात होता. पडद्यावर ओळ उभी राहिली: नाव मावत न्हाय. नाव कापू नका, टॉवेल बदला.

मेहुण्यांनी कपाळाला हात लावला. "दाजी, आता तरी कापा. व्याही हाय त्यो. त्येचाच टॉवेल नसला तर अण्णा आपल्याला कापतील."

"कापायची आज्ञाच न्हाय भाषेत."

"म्याडम, तुमी तरी काय तर करा की!"

"नाहीच आहे ती आज्ञा," मी म्हणाले, आणि आवाज जरा चढलाच.

तेव्हा मेहुणे स्वतः खुर्चीत बसले. वर्षानुवर्षं जिन्यावरून ऐकून ऐकून त्यांनाही थोडं येत होतं. मजकुराचं पोतं केलं तर पोतं कापता येतं, एवढं त्यांनी हेरलं होतं. नावाचं पोतं केलं, अंदाजानं कापलं, आणि पुन्हा मजकूर कर म्हणून सांगितलं. नाव तेलुगूत होतं, आणि तेलुगूच्या एकेका खुणेला तीन तीन बाइट लागतात. मेहुण्यांची कात्री बरोबर एका खुणेच्या मधोमध पडली होती. पडदा म्हणाला: पोतं फाटलंय. आतलं सांडलं. कोण हाय त्यो?

मी ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवली. मग चाचा हसले, मी हसले, आणि शेवटी मेहुणेही पोट धरून हसायला लागले. "दाजी, तुमी वर खोलीत बसूनच मला आदी वळखून ठेवलंत की!" सर मात्र हसत नव्हते. ते पडद्याकडे बघत होते, आणि त्यांच्या मागं अण्णा येऊन उभे होते.

अण्णांनी चष्मा चढवून मघाची ओळ मोठ्यानं वाचली. "नाव मावत न्हाय. नाव कापू नका, टॉवेल बदला." मग विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मी," सर म्हणाले.

"म्हंजे तुमचं मशीन मला, विणकराच्या पोराला, सांगणार टॉवेल बदला म्हणून?"

"अण्णा, सॉरी," मेहुणे मधे पडले. "दाजींच्या मशिनीला बोलायची रीत न्हाय. आपल्याकडं दुसरं पॅकेज हाय, आत्ता पाच मिनटात—"

अण्णांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मागावरचा एक टॉवेल हातात घेतला, आडवा धरला, मग उभा धरला. "ही रुंदी," ते म्हणाले, "ही मागाची. मागाच्या भायेर मला जाता येत न्हाय. पण लांबी?" त्यांनी चालत्या मागाकडे बोट केलं. कापड सरकत होतं, गुंडाळलं जात होतं, पुन्हा सरकत होतं. "लांबीला माग कुटं न्हाय म्हणतो? मी थांबवीन तवा थांबंल. आडवं मावत न्हाय तर नाव उभं घाला. जेवढं नाव, तेवढा टॉवेल. माझ्या व्याह्याचं नाव मी कापू? बरं दिसतंय काय ते?"

सरांचा चेहरा मुलाखतीच्या दिवशी फुलला होता त्याच्या दुप्पट फुलला. "मेव्हणं, ऐकलंत?" ते मेहुण्यांना गदागदा हलवू लागले. "रुंदी ठरलेली, लांबी मोकळी! जागा आदी ठरवायची आन् नाव तिच्यात कोंबायचं, ह्ये चूक हाय. नाव येऊ द्या, जागा त्येच्यामागनं येती. भाषेतला मजकूर मी असाच केलाय वो! कवापासनं त्येच सांगतोय की मी तुमाला!"

"मग आसं मागापाशी आणून सांगायचं हुतं की दाजी," मेहुणे म्हणाले. "फळ्यावर काय कळतंय मला?" आणि खिशातून फोन काढून, सगळ्यांसमोर, त्यांनी सुरतला सांगून टाकलं की पॅकेज नको.

नावं उभी झाली. व्याह्यांचा टॉवेल उतरला तेव्हा तो उपरण्याएवढा लांब होता. अण्णांनी तो दोन्ही हातांत पसरून वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "बागुंदि!" तेलुगूत छान म्हणजे काय ते मी त्या दिवशी शिकले, आणि अजून चांगल्या कामाला मी तेच म्हणते.

लग्नाच्या आधी अण्णा पुन्हा आमच्या खोलीत आले. लोखंडी जिना त्यांच्या वजनानं कुरकुरला. "सगळ्यांचे झाले," ते म्हणाले. "तुमचा राहिला, सर. नाव घाला."

सर गडबडले. साऱ्या सोलापूरची नावं ज्यांच्या हाताखालून गेली होती, त्यांनी आपलं नाव भाषेला कधी दिलंच नव्हतं. एका बोटानं, हळूहळू, त्यांनी ते टाइप केलं. ग्रामदैवत आलं, आजोबा आले, वडील आले, मग स्वतःचं, मग गाव, मग आडनाव. मी मागं उभी राहून वाचत होते आणि ते संपत नव्हतं. अण्णांच्या मागावर तोवर उतरलेल्या सगळ्यात लांब, म्हणजे व्याह्यांच्या टॉवेलचं माप दिलं; त्याहून लांब मागायला त्यांना संकोच वाटला. पडदा म्हणाला: नाव मावत न्हाय. नाव कापू नका, टॉवेल बदला.

सरांनी घाईघाईनं पडदा बंद केला. "असू द्या अण्णा. नुसतं 'सर' घाला."

मला इतका राग आला की मुलाखतीतला त्याच्यापुढं काहीच नाही. "सर! कापायचं नाही!"

ते हसले, पण हसू नीट उमटलं नाही. "सवय हाय वो मला. शाळेनं येका जागी कापलं, ब्यांकेनं दुसऱ्या, लग्नपत्रिकेच्या छापखान्यानं तिसऱ्या. गॅसच्या पुस्तकावर तर निम्मा आजोबाच हाय, मी न्हाईच. लहानपणी लई वाईट वाटायचं. आता काय." मग आमचे चेहरे बघून त्यांनी विषय बदलायला चहा मागवला. बंडूला त्या दिवशी त्यांनी पूर्ण नावानं हाक मारली, नेहमीपेक्षाही मोठ्यानं.

अण्णांनी चहा संपवला, आणि जिन्यात मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "त्या मशीनमधलं नाव मला पाठव."

लग्न झोकात झालं. टॉवेल वाटले गेले आणि मांडवात नुसता कल्ला उडाला. लोक आपापले टॉवेल खांद्यावर टाकून एकमेकांच्या लांबीशी तुलना करत होते. एका पाहुण्यांचं नाव फारच आटोपशीर होतं, त्यांचा टॉवेल नेहमीएवढाच भरला. ते तावातावानं अण्णांना सांगत होते, "आमचं परत घ्या. आजोबा घालायचे राहिले!" व्याह्यांनी आपला टॉवेल गळ्यातून काढलाच नाही. अक्षता पडतानाही तो दोन्ही बाजूंनी गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

जेवणाआधी अण्णांनी सरांना व्यासपीठावर बोलावलं. नारळ दिला, आणि चाचांना खूण केली. चाचा एक घडी घेऊन आले. टॉवेलची नव्हती. ती सोलापुरी चादर होती, चांगली डबल, लाल आणि निळी. एक टोक चाचांनी धरलं, दुसरं मेहुण्यांनी, आणि चादर उलगडत गेली. तिच्या चारी काठांवरून, एका कोपऱ्यातून निघून फिरत फिरत पुन्हा त्याच कोपऱ्याशी, सरांचं नाव विणलेलं होतं. सगळं. एक वेलांटी कमी नाही.

मेहुणे ते माइकवर वाचू लागले. वाचताना त्यांना चादरीभोवती चालावं लागलं. दुसऱ्या काठाला दम घेतला, तिसऱ्या काठाला त्यांचा आवाज जरा ओला झाला, आणि चौथ्या काठाला आडनाव आलं तेव्हा सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. वहिनी पदरानं डोळे पुसत माझ्या कानात म्हणाल्या, "ह्यो आसला उखाणा मला कुटनं सुचणार गं?"

सर चादरीपाशी वाकले. सुरुवातीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि काठाकाठानं ते फिरवत पूर्ण फेरी घातली, कुणाला न बघता. मग उठले. मला वाटलं आता हे रडणार, म्हणून मीच आधी रडून घेतलं.

मेहुण्यांनी माइक त्यांच्यासमोर धरला आणि मिश्कीलपणे विचारलं, "दाजी, सांगा की आता समद्यांना. तुमच्या नावाची लांबी किती?"

आम्ही सगळे 'कशाची?' ऐकायला सज्ज झालो. मी तर तोंडानं तो शब्द तयारच करून ठेवला होता. सरांनी चादर ओढून दोन्ही खांद्यांवर नीट घेतली, तिची टोकं छातीशी मुठीत धरली, आणि लहान पोरासारखे हसत म्हणाले,

"येक चादर."